दावा फेटाळला म्हणून सरळ हायकोर्टात जायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातला तुमचा पाडा. ३८ जणांचे वैयक्तिक वनहक्क दावे (जंगलात कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क मागणारे) आणि पाड्याचा एक सामूहिक दावा (गावाच्या जंगलावरचा). ग्रामसभेने सगळे मंजूर करून वर पाठवले. जिल्हास्तरीय समितीने वैयक्तिक दावे तुम्हाला न ऐकताच फेटाळले आणि सामूहिक दाव्याबद्दल काहीच कळवलं नाही. पत्रात कारण एका ओळीचं: ‘उपग्रह छायाचित्रात १३ डिसेंबर २००५ पूर्वीची लागवड दिसून येत नाही.’ पत्रावर तारीख जूनची, हातात पडलं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. वर आता वनखात्याचा गार्ड येऊन अतिक्रमण काढायची नोटीस देऊन गेला. संघटनेतले तरुण म्हणतात थेट हायकोर्ट, गावातले निवृत्त गुरुजी म्हणतात आधी नाशिकला अपील. आणि तुम्ही विचारता: ताई, कोर्टात गेलो तर जमीन मिळेल का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हायकोर्ट तुम्हाला जमीन देणार नाही. तुमचं सगळं म्हणणं पटलं तरी कोर्ट बहुतेक वेळा जिल्हा समितीचा आदेश रद्द करतं आणि ‘यांचं पुन्हा नीट ऐका’ असं सांगून प्रकरण त्याच समितीकडे परत पाठवतं. म्हणजे कोर्टातून मिळते ती फेरसुनावणी. त्या फेरसुनावणीला तुम्ही काय हातात घेऊन जाणार, हा तुमचा खरा प्रश्न आहे. हायकोर्ट की नाशिक, हे त्यानंतर.

हे मी अंगावर ओरखडे घेऊन शिकले. वनहक्काची कामं मी २००८ पासून करते. सुरुवातीच्या काळात उत्तर महाराष्ट्रातल्याच एका गावाचे दावे असेच एका ओळीत फेटाळले गेले. मी तरुण, आदेश इतका उघडउघड चुकीचा की हात शिवशिवत होते. सरळ हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्धची याचिका, दाखल केली. दुसऱ्या-तिसऱ्या तारखेलाच आदेश रद्द झाला. गावाने ढोल लावला, मलाही नाचायला ओढलं. सात महिन्यांनी त्याच समितीने तेच दावे पुन्हा फेटाळले. या वेळी चार पानी आदेश, प्रत्येक दावेदाराच्या नावापुढे स्वतंत्र कारण, सुनावणीच्या तारखा, हजेरीच्या सह्या. आम्ही मधल्या सात महिन्यांत नवा पुरावा म्हणून एक कागदसुद्धा दिला नव्हता. ‘कोर्टाने आपल्या बाजूने सांगितलंय’ या भरवशावर बसून राहिलो. त्या दुसऱ्या आदेशाविरुद्ध लढताना नाकी नऊ आले. घाईने जिंकलेल्या खटल्याने आम्ही समितीला नीट नकार लिहायला शिकवलं होतं, एवढंच.

आता कोर्ट असं का वागतं ते समजून घ्या, म्हणजे राग कमी येईल. संविधानाच्या कलम २२६ किंवा २२७ खाली आपण हायकोर्टात जातो तेव्हा ते दिवाणी दाव्यासारखं साक्षीदार तपासत बसत नाही. शेत १३ डिसेंबर २००५ या कायद्यातल्या तारखेच्या आधीपासूनचं आहे की नंतरचं, हे ठरवणं कायद्याने ग्रामसभा, उपविभागीय समिती आणि जिल्हा समितीवर सोपवलंय. हायकोर्ट बघतं ते एवढंच, की ज्याच्यावर सोपवलं त्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने ठरवलं का. ऐकून घेतलं का, कारणं दिली का, जो पुरावा बघायला हवा तो बघितला का, आपल्या अधिकाराबाहेर गेले का. तुमच्या दाजीबांनी तिथे चाळीस वर्षं नांगर धरला हे खरं असलं तरी हायकोर्टात तो मुद्दा थेट चालत नाही. ‘हे सांगणाऱ्या तीन म्हाताऱ्यांचे जबाब फाइलमध्ये होते आणि समितीने ते बघितलेच नाहीत’ हा मुद्दा मात्र चालतो. पण त्यासाठी जबाब फाइलमध्ये असावे लागतात.

या कसोटीवर तुमच्या हातातलं पत्र घासून बघू. माझ्या मते ते पत्र फार कच्चं आहे.

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, आणि त्या नियमांत सप्टेंबर २०१२ मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली. त्यातला नियम १२-अ तुमच्या संघटनेतल्या प्रत्येकाने एकदा मोठ्याने वाचावा, असं मी नेहमी सांगते. उपग्रहाचं छायाचित्र किंवा तत्सम तंत्रज्ञान इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, त्याच्या जागी वापरता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अमुकच कागद आणा असा आग्रह समितीला धरता येत नाही. दावा फेटाळायचा किंवा कमी करायचा असेल तर सविस्तर कारणं द्यावी लागतात, निव्वळ तांत्रिक कारणावरून फेटाळता येत नाही. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर दावा मोडीत न काढता फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा आहे. आणि स्थळपाहणीला वन किंवा महसूल खात्याचा माणूस आला नाही आणि नंतर त्याच खात्याने हरकत घेतली, तर पाहणी पुन्हा करायची. तेव्हाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हा शेवटचा मुद्दा वकीलसुद्धा विसरतात. तुमच्या पाहणीच्या पंचनाम्यावर गार्डची सही आहे का, आणि असेल तर त्याने शेरा काय मारलाय, हे आजच बघा.

गुजरातेत २०१३ मध्ये नेमका हाच वाद उच्च न्यायालयापुढे आला होता. तिथेही छायाचित्रांच्या आधारावर दाव्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे फेटाळले होते, आणि न्यायालयाने ते पुन्हा तपासायला लावले. तो निकाल मुंबई हायकोर्टावर बंधनकारक नाही, पण वजनदार आहे. मी तो जोडतेच.

छायाचित्राबद्दल थोडं जास्त बोलते, कारण समितीपुढे ते टेबलावर ठेवलं की गावातली माणसं गप्प होतात. आकाशातून काढलेला फोटो, तो कसा खोटा असेल? तो खोटा नसतो, फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं. पहिलं विचारा, कोणत्या उपग्रहाचं आणि कोणत्या तारखेचं. भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचं असेल तर त्यातला एकेक चौकोन जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. एका एकराचे जेमतेम सात चौकोन. डोंगरउतारावरचा तुमचा पंधरा गुंठ्यांचा तुकडा, बांधावर मोहाची दोन झाडं, कडेला साग. तीन चौकोनांत यातलं काय ओळखू येणार? दुसरं, तारीख. जानेवारी-फेब्रुवारीतलं छायाचित्र असेल तर भगर-बंटी कधीच निघालेली असते आणि कोरडवाहू शेत उघडंबोडकं दिसतं. तिसरं, छायाचित्रावर तुमच्या शेताची हद्द कोणी टाकली? जीपीएस घेऊन फिरताना दरीच्या बाजूने चालता आलं नाही म्हणून आडवी रेघ मारलेली मी पाहिली आहे. ती रेघ शेजारच्या जंगलात गेली, आणि छायाचित्रात अर्थातच जंगल दिसलं.

म्हणून आजच माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, उत्तराची मुदत ३० दिवस असते. सोबत नकलांसाठी वेगळा अर्जही द्या. मागायचं ते असं: जिल्हा समितीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त आणि हजेरी, उपविभागीय समितीची शिफारस, स्थळपाहणीचे पंचनामे, वापरलेली छायाचित्रं तारखेसह, आणि ती वाचून कोणी निष्कर्ष काढला असेल तर तो अहवाल. इतिवृत्त हातात आलं की बऱ्याचदा दिसतं की एका दुपारी दोनेकशे दावे ‘चर्चेअंती’ निकाली निघाले. ते कागद बोलतात, आपल्याला जास्त बोलावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कोर्टात गेलं की सरकारी वकील समितीचं जाडजूड शपथपत्र दाखल करतात आणि त्यात पत्रात नसलेली दहा कारणं उगवतात. सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल खटल्यात फार पूर्वी सांगून ठेवलंय की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासायचा, नंतर शपथपत्राने नवी कारणं त्याला चिकटवता येत नाहीत. तुमच्या पत्रात एकच ओळ आहे. सरकारला त्या ओळीवरच उभं राहावं लागेल.

एवढं सगळं असताना मी गुरुजींच्या बाजूने का? मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम आहे, त्यावर अपील नाही. पण १८ मे २०२० रोजी राज्यपालांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रापुरता (म्हणजे घोषित आदिवासी भागापुरता) कायद्यात बदल केला आणि जिल्हा समितीच्या वर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विभागीय समिती आणली. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, नंदुरबार जिल्हा नाशिक विभागात. म्हणजे तुम्हाला नाशिकचा दरवाजा आहे. अपिलाची मुदत ९० दिवसांची. तुम्ही तो दरवाजा न ठोठावता हायकोर्टात गेलात तर सरकारी वकिलाचं पहिलं वाक्य ठरलेलं: यांच्याकडे पर्यायी मार्ग आहे, यांना तिकडे पाठवा.

यावर तुमच्या संघटनेतला कुणी अभ्यासू मुलगा म्हणेल की पर्यायी मार्ग असला तरी रिट चालते. बरोबर आहे त्याचं. मूलभूत हक्कांचा प्रश्न असेल, न ऐकताच निर्णय दिला असेल, अधिकारच नसताना दिला असेल, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान असेल, तर हायकोर्ट पर्यायी मार्गाकडे बोट न दाखवता ऐकू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या व्हर्लपूल निकालात हे नीट मांडलंय. तुम्हाला ऐकून घेतलंच नाही हा मुद्दा तुमच्याकडे आहे. पण ‘ऐकू शकतं’ आणि ‘ऐकेल’ यात त्या दिवशीचं बोर्ड (कोर्टापुढच्या प्रकरणांची यादी), न्यायमूर्तींचा कल आणि तुमच्या कागदांची अवस्था एवढं अंतर असतं. शिवाय नाशिकच्या अपिलात एक फायदा आहे जो हायकोर्टात नाही: विभागीय समितीपुढे तुम्ही नवा पुरावा ठेवू शकता, वस्तुस्थितीवर भांडू शकता. ती जागा पुरावा मांडायची आहे. मी असते तर ती सोडली नसती.

उलट परिस्थितीही सांगते, कारण हे वाचणारे सगळे नंदुरबारचे नसतील. तुमचं गाव अनुसूचित क्षेत्राबाहेर असेल तर ही विभागीय समिती तुमच्यासाठी नाही. मग जिल्हा समितीनंतर हायकोर्टच. दावेदार अनुसूचित जमातीचा नसून इतर पारंपरिक वननिवासी असेल तर त्याला ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं आणि त्याची बांधणी अगदी वेगळी करावी लागते. पोकलेन उद्या सकाळी बांधावर उभं राहणार असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आजच स्थगिती मागायला पळावं लागतं. तुमच्याकडे फक्त नोटीस आलीय, म्हणून थोडी उसंत आहे.

नोटिशीला मात्र लेखी उत्तर द्या, आणि ते तोंडी गार्डला सांगू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्या. त्यात प्रत्येक दावेदाराचं नाव, दावा क्रमांक, आणि एवढंच म्हणणं की वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत आम्हाला हटवता येत नाही आणि आम्ही विभागीय समितीकडे दाद मागत आहोत. जिल्हा समितीने फेटाळल्यावर तपासणी ‘पूर्ण’ झाली असं वन विभाग म्हणेल. अपील दाखल असताना ती पूर्ण झालेली नाही, असं आपण म्हणायचं. आपली बाजू मला बळकट वाटते, पण हा मुद्दा वादातला आहे हे तुम्हाला माहीत असावं. अपिलाच्या अर्जातच अंतरिम संरक्षण मागा. नाशिकने ते दिलं नाही किंवा अर्ज नुसता पडून राहिला आणि इकडे कारवाई सुरू झाली, तर तेवढ्या कारणासाठी हायकोर्टात जाणं योग्य, आणि तेव्हा ‘आम्ही आधी योग्य ठिकाणी गेलो होतो’ हे तुमच्या पारड्यात पडतं.

आता खरं काम. नियम १३ मध्ये पुराव्याची यादी आहे आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार उदार आहे. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात. जमीन सपाट केलेली, बांध घातलेले, विहीर, जुनं घर चालतं. वंशावळ चालते. स्मशान, देवाची जागा चालते. संस्थानांच्या काळचे कागद चालतात. एकापेक्षा जास्त प्रकारचा पुरावा हवा, एवढं लक्षात ठेवा.

आणि दंडाच्या पावत्या! १९८०-९० च्या दशकात वनखात्याने तुमच्या आज्याला पकडून, अतिक्रमण केलं म्हणून जो दंड केला, त्या पावत्या घरोघर पत्र्याच्या पेटीत असतात. लाजेने कुणी काढत नाही. नियम असा की अशी पावती किंवा प्राथमिक गुन्हा अहवाल हा एकमेव आधार धरून दावा फेटाळता येत नाही. मी त्याच्या पुढे जाऊन ती आपला पुरावा म्हणून वापरते. १९८८ साली त्या कंपार्टमेंटमध्ये (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या गटात) नांगरट केली म्हणून खात्यानेच दंड घेतला, तर १९८८ साली तिथे नांगरट होती याला आणखी साक्षीदार कशाला? मघाशी सांगितलेल्या त्या ढोलवाल्या गावात तिसऱ्या फेरीला आम्हाला तारलं ते अशा अकरा पावत्यांनी. एका आजींनी तर पावती देवाच्या फोटोमागे जपली होती, दंड भरायला बैल विकला होता म्हणून.

जबाब घेताना एक चूक हमखास होते. कुणीतरी शिकलेला मुलगा एकच मजकूर टाइप करतो आणि खाली ३८ अंगठे. समिती असा गठ्ठा बघते आणि बाजूला सारते, आणि खरं सांगायचं तर मीही सारला असता. प्रत्येक जबाब त्या माणसाच्या तोंडचा हवा. तुमच्या आजींना वर्षं आठवणार नाहीत, पण ‘दुष्काळात इंदिराबाईचं राज्य होतं तेव्हा हे शेत होतं, मी तिथे भाकरी घेऊन जायची’ एवढं आठवेल. तेच लिहा. पावरीत किंवा भिलीत सांगितलं तर तसं लिहून खाली मराठी करा. १९७२ चा दुष्काळ सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, समितीलाही.

हे सगळं पुन्हा ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्या. आणि इथे गणपूर्ती सांभाळा: निम्मे सदस्य हजर, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका, आणि दाव्यांचा विषय असेल तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. ग्रामसभा पाड्याची घेतली होती की गट ग्रामपंचायतीची, हे तुमच्या प्रश्नात नाही. गट ग्रामपंचायतीत सात पाड्यांचे लोक निम्म्याने कधीच जमत नाहीत, आणि मग कुणीतरी नंतर घरोघर फिरून सह्या घेतो. ती वही हायकोर्टात उघडली की सरकारी वकिलाचा दिवस चांगला जातो. पाड्याची ग्रामसभा हीच कायद्यातली ग्रामसभा आहे, ती घ्या. मुलं सुरतेकडे ऊसतोडीला किंवा कामाला जायच्या आत घ्या.

सामूहिक दाव्याबद्दल कुणी काही कळवलं नाही, असं तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. माझ्या दृष्टीने तोच मोठा आहे. वैयक्तिक दाव्यात जास्तीत जास्त चार हेक्टर, तेही प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढंच. सामूहिक वनसंपत्तीच्या हक्कात गाव जंगल राखतं, वापरतं, त्याचं व्यवस्थापन करतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये अठराशे हेक्टरवर हा हक्क मिळाला आणि २०११ पासून गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. वाहतूक पास देण्याचा अधिकारही भांडून मिळवला. जंगलावर गावाचा हक्क नोंदला गेला की कडेच्या शेतांना ‘अतिक्रमण’ म्हणणंही खात्याला जड जातं. त्यामुळे अपिलाबरोबरच जिल्हा समितीला वेगळं पत्र द्या: आमचा सामूहिक दावा अमुक तारखेला पाठवला, त्याचं काय झालं ते लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर ‘निर्णयच घेत नाहीत, घ्यायला सांगा’ अशी साधी रिट करता येते. अशा रिटला हायकोर्ट सहसा लवकर कालमर्यादा घालून देतं, आणि पर्यायी मार्गाचा अडथळाही तिथे नसतो.

समजा नाशिकलाही हरलात. मग रिट. नंदुरबारचं प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे जातं. नाशिक, पालघर, ठाणे, रायगडवाले मुंबईला जातात, गडचिरोली, मेळघाट, यवतमाळवाले नागपूरला. ३८ जणांची एक याचिका की ३८ याचिका, हा प्रश्न वकील वेगवेगळा सोडवतात. आदेश एक, कारण एक असेल तर मी एकत्र करते आणि ग्रामसभेला ठराव करून पहिली याचिकाकर्ती बनवते. पण ज्यांचा पुरावा अगदी लंगडा आहे अशा चार-पाच जणांना त्याच बोटीत बसवायचं का, हे आधी गावात मोकळेपणाने बोलून घ्या. सरकारी वकील नेमका त्यांचाच दावा वाचून दाखवतो. पैशांची काळजी तुम्ही लिहिलीय, त्याचं उत्तर सोपं: अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. खंडपीठातही विधी सेवा समिती असते. फक्त जो वकील मिळेल त्याच्या हातात कागद नीट लावून द्या; वनहक्क सगळ्यांच्या रोजच्या कामातला विषय नाही.

सर्वोच्च न्यायालयाचं नाव तुमच्याकडे दोन कारणांनी निघतं, म्हणून थोडं तेही. काहींना २०१९ ची भीती आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दावे फेटाळलेल्यांना हटवण्याबाबतचा आदेश निघाला होता हे खरं, पण २८ फेब्रुवारीलाच न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि राज्यांना विचारलं की हे दावे तुम्ही कोणत्या पद्धतीने फेटाळले ते सांगा. गार्ड जर ‘सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे’ म्हणत असेल तर त्याला त्या दुसऱ्या तारखेची आठवण करून द्या.

दुसरे लोक नियामगिरीचं उदाहरण देतात, ‘सुप्रीम कोर्टाने डोंगर वाचवला’ म्हणून. ते प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलंय, आणि त्यात डोंगर कोर्टाने वाचवलेला नाही. ओडिशातल्या रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवरचा तो डोंगर, डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा तिथला. बॉक्साइटच्या खाणीला केंद्राच्या मंत्रालयाने २०१० मध्ये परवानगी नाकारली, त्याविरुद्ध राज्याचं खाण महामंडळ न्यायालयात गेलं. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने खाण हवी की नको हे सांगितलंच नाही. तिथल्या लोकांचे सामूहिक आणि धार्मिक हक्क ग्रामसभांनी तपासावेत, जिल्हा न्यायाधीशाने निरीक्षक म्हणून बसावं, एवढं सांगून प्रकरण खाली पाठवलं. राज्याने त्यासाठी बाराच गावं निवडली. जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात, त्या बारा सभा झाल्या, न्यायाधीशांसमोर एकेक बाई-बुवा उठून बोलला, आणि बाराच्या बारा ठराव खाणीच्या विरोधात गेले. फेरसुनावणी त्यांनाही मिळाली होती, बघा. ती मिळाली त्या दिवशी ते तयार होते.

तुमच्यापुरतं बोलायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा विचार आज करू नका. विशेष अनुमती याचिका हायकोर्टाच्या निकालानंतर ९० दिवसांत करायची असते आणि बहुतेक एका ओळीत फेटाळल्या जातात. उलट तुम्ही हायकोर्टात जिंकलात तर सरकार वर जाऊ शकतं, तेव्हा आपल्याला न ऐकता स्थगिती मिळू नये म्हणून कॅव्हेट टाकून ठेवायचं, एवढं वकिलाला आठवण करून द्या.

आता मुदत. ९० दिवस पत्रावरच्या जूनच्या तारखेपासून धरले तर तुमच्याकडे फार थोडे उरलेत. ऑगस्टमध्ये हातात पडल्यापासून धरले तर बरेच आहेत. कळवल्यापासून मुदत धरावी असं आपण म्हणू, पण त्यावर विसंबून राहू नका. जूनची तारीख धरून जो दिवस येईल त्याच्या आत साधं अपील दाखल करा, पुरावा नंतर जोडू असं त्यात लिहा, सोबत विलंब माफीचा अर्जही ठेवा. आणि ते पत्र ज्या पाकिटातून आलं, त्यावर पोस्टाचा शिक्का असेल. पाकीट कुणी चुलीत घातलं नसेल तर आज संध्याकाळी शोधून त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. तलाठ्याकडून हातोहात मिळालं असेल तर त्याच्या वहीत तुमची सही कोणत्या तारखेला आहे, तेही विचारून या.